सायलीच्या दाढेला मी पाणी मारलं

आमच्या गावातल्या निम्म्याअधिक घरांच्या भिंती माझ्या हातच्या आहेत आणि त्या सगळ्या उभ्या आहेत. माझ्या हातून आजवर एकच काम बिघडलं. ते माझ्या मुलीच्या दाढेतलं होतं.

मी गवंडी. किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. काम कधी शहापूरला, कधी मुरबाडला, जिथे थापी चालेल तिथे. सायली, माझी एकुलती एक लेक, तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिच्या खालच्या डाव्या दाढेला भोक पडलं होतं. भाकरीचा तुकडा चुकून त्या बाजूला गेला की पोर ताटावरून उठायची. माझ्या बायकोने, वंदनाने, लवंग ठेवून पाहिली. सायलीने ती लवंग थुंकली आणि वर वंदनालाच बडबडली.

एकदा तिला शहापूरच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, आत्ता भरलं तर दाढ वाचेल, उशीर केलात तर काढावी लागेल. तेवढ्यात खुर्ची मागे झुकली, डोक्यावरचा दिवा लागला आणि बाजूच्या खोलीत कुणाच्या तरी दाताला मशीन लागलं. सायलीने तोंड मिटलं ते मिटलंच. चॉकलेट झालं, बाहुली कबूल करून झाली. शेवटी डॉक्टर म्हणाला, आधी पप्पा खुर्चीत बसून दाखवतील. (रोज भिंतींना ड्रिल मारणारा मी, पण ते माझ्या तोंडाकडे वळणार म्हटल्यावर मी चपला शोधायला लागलो!) बापलेक दोघंही दाढा घेऊन जशाच्या तशा घरी आलो. त्यानंतर सायली दात घासायलाही माझ्यासमोर तोंड उघडेना.

दिवाळीनंतर आमच्या अंगणवाडीच्या कुंदाताईंनी निरोप दिला, की पोरांचे दात भरायला एक डॉक्टर मॅडम येणार आहेत, आणि त्यांच्याकडे मशीन नाही, सुई नाही. मला काही पटलं नाही. आमच्या धंद्यात मशीनशिवाय काम करतो म्हणणारा एक तर जुना कारागीर असतो, नाहीतर थापाड्या. पण वंदना भाताच्या झोडणीला गेलेली, तिने सकाळीच बजावलेलं. तेव्हा मुरबाडच्या कामावर अर्ध्या दिवसाची दांडी मारून मीच सायलीला घेऊन गेलो.

मॅडम वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी दोन बाकडी जोडली, वर सतरंजी आणि उशी टाकली, कपाळाला बॅटरी बांधली. झाला दवाखाना! सायलीला त्यांनी झोपवलंच नाही आधी. तिच्या हातात दांडीचा इवलासा आरसा दिला आणि स्वतःच आ वासून म्हणाल्या, माझे दात मोज. सायलीने दहापर्यंत मोजले. (पुढचे आकडे तिला येत नव्हते, पण डॉक्टर असल्यासारखी मान हलवून तिने वेळ मारून नेली.) मग मॅडम म्हणाल्या, आता माझी पाळी. आणि जे तोंड मला दोन महिने दिसलं नव्हतं, ते माझ्यादेखत उघडलं.

मी जवळ सरकून बघत राहिलो. मुंगीला जेवू घालायच्या पळीएवढं हत्यार घेऊन मॅडम दाढेतलं मऊ, किडलेलं तेवढंच हलक्या हाताने खरवडत होत्या, पक्कं लागलं की थांबत होत्या. मनात म्हटलं, बरोबर! पोपडे काढल्याशिवाय गिलावा धरत नाही. मग त्यांनी कागदावर चिमूटभर पावडर घेतली, वर एक थेंब टाकला आणि मळायला लागल्या. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "सिमेंट."

आता आली पंचाईत. माणसाला दुसऱ्याच्या धंद्यातलं काहीच कळत नसेल तर तो गप्प बसतो. मला एक शब्द कळला होता! त्यात मॅडमनी बोटाला व्हॅसलीन लावून सिमेंट दाबलं, तेव्हा तर मी कुंदाताईंना मोठ्याने समजावलं की हे शटरिंगच्या प्लेटला तेल लावल्यासारखं आहे, म्हणजे माल चिकटत नाही. मॅडम हसून हो म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या इथेच माझा घात झाला. पण खरं सांगतो, वीस वर्षं मी कारागिरांचे हात बघतोय; असा सबुरीचा हात कमी पाहिला. सायली एकदाही रडली नाही.

काम झाल्यावर मॅडम काळजी कशी घ्यायची ते सांगायला लागल्या आणि नेमका माझा फोन वाजला. मुरबाडहून माझा जोडीदार होता. आदल्या दिवशी आम्ही स्लॅब टाकला होता आणि त्याला पाणी मारायला हा गडी विसरला होता. मी अंगणात जाऊन त्याला झाडला. सिमेंटला पाणी नाही तर काही नाही, वगैरे. परत आत आलो तेव्हा मॅडमनी पुढचं पोर घेतलं होतं. मी सायलीला उचलली आणि घरी निघालो.

घरी येताच मी तांब्या भरला.

"पप्पा, मॅडम बोलली पानी नाय प्यायचं," सायली म्हणाली.

"प्यायचं नाय गो. नुसतं तोंडात धरायचं नि थुकायचं. सिमेंट हाय ना ते? पानी मारल्याबिगर पक्कं कसं होईल?"

बापाचा अनुभव वीस वर्षांचा, मुलीचं शिक्षण अंगणवाडीचं. तिने निमूट पहिली चूळ भरली. दर पाच मिनिटांनी मी तिला चूळ भरायला लावली. मग माझ्या लक्षात आलं, की दोन चुळांच्या मधे दाढ सुकते. कॉलम सुकू नये म्हणून आपण त्याला ओलं गोणपाट गुंडाळतो. दाढेला गोणपाट कुठून आणणार? मी कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, दाढेवर बसवला आणि सायलीला सांगितलं, घट्ट चावून धर. ती बिचारी दात आवळून ओट्यावर बसून राहिली.

जेवणवेळेला वंदना घरी आली. तिने विचारलं, पोर अशी का बसलेय? मी मोठ्या अभिमानाने बोळा काढून दाखवला. बोळ्याला चिकटून मॅडमचं सिमेंट बाहेर आलं.

वंदनाने तो बोळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग एवढंच म्हणाली, "कुंदाताईचा फोन आलेला मला. एक तास खायाचं नाय, प्यायचं नाय, असं मॅडमनी सांगितलेलं. तुमी काय ऐकलात?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. पण ते सांगायला थांबलो नाही. मॅडम पुन्हा कधी येतील ठाऊक नव्हतं, शहापूरच्या खुर्चीत सायली बसणार नव्हती, आणि दाढ आता उघडी पडली होती. सायलीला मोटारसायकलवर पुढे बसवली आणि अंगणवाडी गाठली. तिथे बाकडी जागच्या जागी लागली होती. मॅडम वरच्या वाडीवर गेल्या होत्या. त्या खडकाळ रस्त्याने मी मोटारसायकल इतकी जपून चालवली, की वाटेत दोन म्हशी आम्हाला मागे टाकून गेल्या.

वाडीवर समाजमंदिराच्या ओट्यावर मॅडम नुकताच डबा उघडत होत्या. भोवती पोरांना घेऊन आलेल्या आठ-दहा बाया. सगळ्यांसमोर मी सगळं कबूल केलं, बोळ्यासकट. बाया पदराआड हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. डब्याला झाकण लावत म्हणाल्या, "दादा, तुमचं सिमेंट पाण्याने पक्कं होतं. माझं सुरुवातीला पाण्याने बिघडतं."

त्यांनी सतरंजी घातली. पण सायली उभीच. ओठ घट्ट मिटलेले, शहापुरात मिटले होते तसेच. स्वतःच्या हाताने मी पोरीची दाढ घालवली होती, आणि आता तिच्यापुढे कोणत्या तोंडाने बोलू, तेही कळत नव्हतं. मॅडमनी घाई केली नाही. तोच इवलासा आरसा तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बघून सांग, काय झालंय तुझ्या दाढेला?"

सायलीने आरशात बराच वेळ पाहिलं.

"तुमचं चांगलं झालेलं. पप्पांनी मोडलं."

मग स्वतःच आडवी होऊन तिने तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या दिवशी तेवढंच पाणी योग्य जागी होतं.) मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं, तितक्याच हलक्या हाताने. नंतरचा एक तास मी समाजमंदिराच्या पायरीवर घड्याळ धरून बसलो आणि सायलीजवळून कुणी पाण्याचा हंडा घेऊन गेलं तरी उठून मधे उभा राहिलो.

त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. ती दाढ ठणठणीत आहे. सायली त्याच बाजूने चणे फोडते आणि मॅडमचं काम कसं टिकलंय ते कुणालाही तोंड उघडून दाखवते. मागच्या महिन्यात मॅडम पुन्हा आमच्या अंगणवाडीत आल्या होत्या. त्या आता सगळ्या आयांना दोनऐवजी तीन गोष्टी सांगतात म्हणे: एक तास खायचं नाही, एक तास प्यायचं नाही, आणि घरात कुणी गवंडी असेल तर त्याला त्या दिवशी कामावर पाठवायचं. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नाही. वंदनाने मला सकाळीच मुरबाडला पाठवलं होतं.