तिथीवर चालणारं मैदान

मोरेश्वरभाऊंची आणि माझी पहिली भेट माझ्या दृष्टीने काही मानाची नव्हती. उमरोळीहून आमचा संघ दांडी गावच्या मैदानावर क्रिकेट खेळायला गेला होता. नव्या बुटांच्या तोऱ्यात मी थेट खेळपट्टीवर चालत गेलो. रोलर ओढणारे एक गृहस्थ थांबले आणि शांतपणे म्हणाले, "बूट काड. पीच अजून वली हाय." मी निमूट काढले. पुढे गोलंदाजी त्यांनीच शिकवली, पण तो पहिला धाक अजून गेलेला नाही.

भाऊ मच्छीमार घरातले. मैदान त्यांच्या मालकीचं कधीच नव्हतं. जागेच्या मालकांच्या वडिलांनी तोंडी परवानगी दिलेली, तेवढ्यावर गावाच्या तीन पिढ्या खेळल्या. तळ्यातली चिकणमाती टोपल्यांनी वाहून भाऊंनी खेळपट्टी घडवली. सीमारेषेला जुन्या जाळ्याचा दोर असे. सामन्यांचे दिवस भाऊ ठरवीत, तेही तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नावा दर्यात असतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर ओसरला की माणसं घरी येतात. म्हणून आमचे सगळे सामने अष्टमीचे.

माझी आई बोईसरला दवाखान्यात होती, तेव्हा भाऊ रोज डबा घेऊन येत आणि फारसं न बोलता शेजारी बसून राहत. आईला घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, सरावाला कधी येतोस. त्या प्रश्नाने मला किती धीर आला, ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. इथे सांगून टाकतो.

यंदा भाऊंना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि यंदाच मैदान बंद झालं. जागेवर गोदामं येणार आहेत. मालकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. निरोपाचा सामना ठरवण्याचं काम मैदान समितीचा सचिव म्हणून माझ्याकडे आलं. मी पडलो शाळामास्तर, मला कॅलेंडरात फक्त रविवार दिसतो. महिन्याचा शेवटचा रविवार धरला, पत्रिका छापल्या, पाहुणे बोलावले. पत्रिका वाचून भाऊ म्हणाले, "पुनवेला?" आणि माझा चेहरा उतरला. ज्यांचं मैदान, तेच त्या दिवशी समुद्रात असणार होते.

भाऊ मला एका शब्दाने बोलले नाहीत. स्वतःसाठी कोणाकडे कधी काही न मागितलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी एकटाच मालकांच्या दारी गेला. तिथे भाऊ काय म्हणाले, हे मालकांनीच मला नंतर सांगितलं: "आठ दिस द्या. माजी पोरं दर्यात हायत." मालकांनी दिले.

अष्टमीला सामना झाला. दातिवऱ्यापासूनचे जुने खेळाडू आले, पोटं सुटलेले, गुडघे धरून धावणारे. नावेवरची मंडळी तर सगळीच होती. शेवटचा चेंडू पडल्यावर कोणी जागचं हलेना. मी रडत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. भाऊंनी डोळे पुसले आणि कुदळ मागितली.

"जागा त्यांची," ते म्हणाले. "माती आपली हाय."

मालकांनी मान डोलावली. सगळ्यांनी मिळून खेळपट्टी खणली, टेम्पोत भरली आणि उमरोळीला आमच्या शाळेच्या मैदानावर आणून अंथरली. आता भाऊ रोज सकाळी येतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. आमच्या शाळेतल्या मुलीही त्यांच्याकडून गोलंदाजी शिकू लागल्या आहेत.

ही माती बसायला तीन पावसाळे लागतील, असं भाऊंनीच सांगितलं आहे. ती राखायला मुलांना शिकवण्यात आणखी दहा तरी जातील, कारण मुलं माझ्यासारखीच आहेत. तेवढं सगळं आयुष्य आणि रोलर ओढण्याइतकी तब्येत भाऊंना लाभो. तोवर आम्ही कडेला उभे आहोत, बूट काढून.