हाक मारली की सुनील दचकतो

मंडळी, आज सकाळची गोष्ट. माझी नात रिया कॉलेजची इंग्रजी कविता घेऊन बसलेली. मला म्हणते, "आजी, कवितेतल्या सैनिकाला गिल्ट आहे. मराठीत कसं सांगू?"

मी म्हटलं, "गिलीट म्हणजे खोटे दागिने. सैनिकाला कशाला?"

ती हसत सुटली. "अगं, अपराधी वाटणं! लढाईत त्याचा जखमी दोस्त हाका मारत होता, हा गेलाच नाही. आता घरी कुणीही हाक मारली तरी त्याला तोच आवाज येतो."

"कवी लोकांना कामधंदा नाय," मी म्हटलं.

रियाचा बाप, म्हणजे माझा सुनील, दारात चहा पीत उभा होता. फौजेतून सुटून त्याला दोन वर्षं झाली. त्याने विचारलं, "नंतर तरी गेला का तो?"

"नाही ना पप्पा, म्हणून तर गिल्ट."

कप तसाच ठेवून तो चाळीखाली उतरला. मोबाईल घरातच. मी लालबाग मार्केटपर्यंत शोधून आले. दुपारी आपणच आला, दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

हाक मारली की हा दचकतो, ओ देत नाही. दोन वर्षं मी ओरडतेय, "बहिरा झालास काय रे? धडधाकट परत आलास, मग नाटकं कसली?"

ज्यांच्या घरी फौजी आहे त्यांनी सांगा, त्याला विचारू की गप बसू? लेक्चर नको, सरळ लिहा. चहाची वेळ झाली, त्याला उठवायचंय, आणि मला हाक मारायची भीती वाटतेय.