पाण्याच्या दिवशी डोकं दुखत नाही

आमच्या गल्लीत दिवस दोनच प्रकारचे असतात. एक पाण्याचा आणि बाकी सगळे बिनपाण्याचे. नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, तोही त्याच्या मर्जीनं, आणि त्या दिवशी घरातला प्रत्येक हात कामाला लागतो. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून येते. नवरा वाळूजला कंपनीत असतो. त्याची शिफ्ट आली की तो सुटला. मग मी आणि मुलगी मोटर लावतो, गच्चीवरच्या टाकीत पाईप सोडतो, ड्रम, हंडे, कळशी आणि शेवटी भाजीची पातेलीसुद्धा भरून ठेवतो. एकदा या धांदलीत माझा मोबाईल ड्रममध्ये पडला. तेव्हापासून नियमच झाला की पाण्याच्या दिवशी सगळे मोबाईल पिठाच्या डब्यामागे.

मुलगी दहावीत गेली आणि तिचं डोकं दुखायला लागलं. शाळेतून यायची, कपाळाला ओढणी करकचून बांधायची आणि मोबाईल घेऊन पडायची. मान अवघडलेली, डोळे लाल. रात्रीची झोप गेली, सकाळी उठवायला जावं तर वसकन अंगावर यायची. खो-खोच्या संघात होती, ते सोडलं. "पळलं की ठणकायलंय," म्हणाली. मी वरून रागवायचे आणि आतून घाबरलेली असायचे. डोक्यात गाठ-बिठ तर नसेल, हा विचार भाकरी थापतानाही माझी पाठ सोडत नव्हता. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. बोललं की खरं होईल, असं वाटायचं.

औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीकसा नंबर काढला आणि मोबाईल कमी करा म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं सांगतात. बाहेर बाकावर बसलेली पोरं मोबाईलमध्ये होती आणि त्यांच्या आयाही. आम्ही चष्मा घेतला आणि सल्ला तिथंच ठेवून आलो.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पाण्याच्या दिवशी तिचं डोकं दुखत नसे. फुलंब्रीहून नणंद आली होती, तिला हे सांगितलं. तिनं लगेच निकाल दिला.

"अगं, आठ-आठ दिवसाचं शिळं पाणी पिता तुम्ही. डोकं धरणार नाय तर काय? ताजं आलं की पोर बरी व्हती, दिसंना का तुला?"

मला ते पटलं. या शहरात राहून पाण्यावर खापर फोडायची इतकी सवय झालीय की दुसरं काही सुचतच नाही. मग आमचे उपाय सुरू झाले. मी ड्रम घासून काढले, पाण्यात तुरटी फिरवली, प्यायला विकतचे जार आणले. नणंदेनं तर मळ्यातल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीनं पाठवलं. मुलगी ते निमूट प्यायची आणि संध्याकाळी पुन्हा ओढणी बांधायची.

"मम्मी, विहिरीच्या पाण्यानंबी दुखायलंय."

"अंगातलं जुनं निघायला टाइम लागतो," नणंद फोनवर म्हणाली. तिच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

एका पाण्याच्या दिवशी पाणी आलंच नाही. आम्ही दुपारपासून पाईप जोडून जिन्यात बसलो होतो. लाइन फुटली, आज पाणी नाही, असा मेसेज गल्लीच्या ग्रुपवर दुपारीच पडलेला, पण आमचे मोबाईल पिठाच्या डब्यामागे. त्या वाट बघण्यात मुलीनं शेजारच्या लहान पोरींना खो-खोत कसं बसायचं ते शिकवलं, त्यांच्यामागं अंगणभर पळाली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून शाळेतल्या बाईंची नक्कल केली. जार संपला होता, तहान लागली तशी ती ड्रमच्या तळातलं गढूळ पाणी गाळून प्यायली. संध्याकाळी एक भाकर जास्त खाल्ली आणि गाढ झोपली. डोक्याचं नावसुद्धा काढलं नाही.

पाणी तर शिळंच होतं. नव्हता तो फक्त मोबाईल.

गाठ नाही, या विचारानं मी मोरीत उभी राहून रडले. औषध सापडलं होतं, पण ते रोज पाजायचं कुणी? क्लासच्या नोट्स मोबाईलवर, शाळेचा अभ्यास त्यावर, मैत्रिणी त्यावर. एकदा मी तो हिसकावून घेतला, तर तिनं दार लावून घेतलं आणि दोन वेळा जेवली नाही. ऑफिस, स्वयंपाक, पाणी आणि वर रोज हे भांडण. मी थकले. चार दिवस मोबाईलचा विषयच सोडला आणि ओढणी पुन्हा कपाळावर आली.

पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत मान वाकडी करून पडली होती, तोंडावर तेवढा उजेड. एका हातात मोबाईल धरून चहा टाकता टाकता माझ्या तोंडून निघून गेलं, "आज पाणी येणार म्हणतात."

धडधडीत खोटं होतं. पाणी परवाच येऊन गेलं होतं, ड्रम काठोकाठ भरलेले होते.

तिनं भरलेल्या ड्रमकडं बघितलं, मग माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ती उठली, मोबाईल पिठाच्या डब्यामागे ठेवला. मग माझ्या हातातला माझा काढून घेतला आणि तोही त्याच्याशेजारी ठेवला.

"चल," म्हणाली, "पाईप घे."

कोरड्या नळाला पाईप जोडून आम्ही जिन्यात बसलो. ओढणी सोडून तिनं गळ्यात टाकली होती. शेजारच्या काकू पाईप बघून लगबगीनं बाहेर आल्या.

"पाणी यायलंय का गं?"

"नाय काकू," मुलगी म्हणाली, "आज पाणी नाय. आम्ही उगीच बसलोत."