स्प्रिंगपायी गेलेला बहार

एका इंग्रजी शब्दाच्या नादात मी आमच्या सौंसरच्या संत्र्याच्या बागेला भर ताणात पाणी पाजलं.

ज्यांनी संत्री फक्त सोलून खाल्ली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. बहार धरायचा म्हणजे हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं. याला ताण म्हणतात. पानं माना टाकतात, झाड आता जातं की मग जातं असं वाटतं, आणि मालकानं छातीवर दगड ठेवून नुसतं बघत बसायचं. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की फांदीफांदीला फूल! आधीच कुणी पाजलं, तर झाड फुलं विसरतं आणि नुसता पाला काढतं. आमच्या घराचं सगळं वर्ष त्या फुलांवर चालायचं.

राज्यांची नवी वाटणी व्हायची होती, तो हिवाळा. आपण नागपूरकडे राहणार की भोपाळकडे जाणार, यावर बसस्टँडवर रोज भांडणं. त्यातच बाबा आत्याकडे रामाकोन्याला निघाले.

"बगीच्यात फक्त बसजो," ते मला म्हणाले. "काही करू नोको. तुले जमते ते."

बसलो. सोबत डिक्शनरी होती. (स्वातंत्र्य मिळालं तेव्हा खाणीवरचा एक साहेब सामान विकून विलायतेला गेला. लोकांनी पलंग घेतले, आरसे घेतले. मी हा ग्रंथ घेतला. मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!) उघडली, आणि समोर शब्द आला: स्प्रिंग.

घड्याळातली स्प्रिंग मला ठाऊक होती. पण इथे तर वसंत ऋतूही स्प्रिंग, झराही स्प्रिंग आणि उडी मारणंही स्प्रिंगच! एवढी मंडळी एका घरात नांदतात कशी, म्हणून खालची बारीक अक्षरं वाचली. मूळ अर्थ एकच, उसळणं. पाणी भुईतून उसळतं, पालवी फांदीतून उसळते, दाबलेली तार उसळते. माझ्या अंगावर काटा आला. कोणे एके काळी कुणी इंग्रज (बहुधा शेतकरीच!) झऱ्यापाशी उभा राहिला असेल, मग झाडाकडे वळला असेल, आणि त्याला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली असेल!

तेवढ्यात आमचे पांढुर्ण्याचे जावई आले. शाळामास्तर. मी त्यांना सगळं ऐकवलं.

"एका शब्दात एवढं मावते?" ते डोळे विस्फारून म्हणाले.

"दाखवतो ना, जवाईबापू! पाणी उसळलं का पालवी उसळते."

"अन् बाबाजी?"

"एकाच झाडाले पाजू. त्याईले समजत बी नाई."

मी बैल मोटेला जुंपले. मोट वर आली, पाणी धाडकन पडलं आणि पाटातून असं उसळत निघालं की आम्ही तोंड उघडून पाहतच राहिलो. तहानलेली माती चर्रर्र आवाज करत पीत होती.

"पाहा, पाहा, स्प्रिंग!" मी ओरडलो.

"अजून एक मोट!" मास्तर ओरडले.

(दोन शिकलेली माणसं एकत्र आली की असं होतं.) पाणी काही एका झाडापाशी थांबेना. ते या ओळीतून त्या ओळीत शिरलं, आम्ही त्याच्या मागे नाचत गेलो. दिवस बुडाला तेव्हा अख्खी बाग ओली होती, आणि मास्तरांना एकदम पांढुर्ण्याची बस आठवली!

बाबा परतले. बागेत त्यांची चप्पल चिखलात रुतली.

"पानी आलतं काय बे?"

"हो."

"आभाळ तर नव्हतं."

"आभाळ नाई. मी."

बाबा तिथेच बांधावर बसून राहिले. त्यांनी मला हाणलं असतं तर बरं झालं असतं.

थोड्याच दिवसांत बाग फुटली. हिरवी, कोवळी, चकचकीत! फूल मात्र औषधालाही नाही. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, आणि मी (सांगायला लाज वाटते) रोज सकाळी त्या पालवीपुढे हात जोडून उभा! काल वाळलेल्या काडीतून एवढं उसळून येतं कुठून?

अशात नागपूरचा व्यापारी बहार पाहायला आला. दरवर्षी आमची बाग तोच घ्यायचा. पाल्यातून हात फिरवत तो शेवटच्या झाडापर्यंत जाऊन आला.

"भाऊ, फूल कोठी हाय?"

"नाई," बाबा म्हणाले.

"ताण कोनं तोडला?"

बाबांनी मानेनं मला दाखवलं. व्यापाऱ्यानं मला नखशिखांत न्याहाळलं.

"लगन झालं याचं?"

"नाई अजून."

"बरं झालं," तो म्हणाला. "नुकसान एकाच घरात राह्यलं."