हवेच्या नळीचं माप

ती नळी हातभर लांबीचीसुद्धा नव्हती. तिच्यापायी माझं माझ्या सगळ्यात जुन्या दोस्ताशी वाजलं, आणि चूक कुणाची हे त्यानं अजून कबूल केलेलं नाही.

दोस्त म्हणजे शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघं एकाच कारखान्यात कामाला होतो. तो वाळूच्या साच्यांवर, मी लेथवर. डबा एक, सायकल एक. पुढं त्यानं स्वतःची लहानशी भट्टी टाकली आणि मी जुनी मशिनं घेऊन विकायच्या धंद्यात पडलो. माझ्या मागं ना बाप होता ना जमीन. भाव पाडता येणं एवढंच माझं भांडवल. समोरच्यानं आकडा सांगितला की आधी हसायचं, मग उठायचं, आणि दारापर्यंत जाऊन परत यायचं. यावर घर बांधलं मी उचगावात.

दोन हजार तीनच्या आसपास इचलकरंजीत एका बंद पडलेल्या कारखान्याचे माग बघायला गेलो आणि मागांच्या पलीकडं ताडपत्रीखाली गाडी दिसली. लाल, जपानी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली. माग राहिले, गाडी घेऊन आलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, यात चौघं बसायची कशी?"

"बसायचीच नाहीत."

तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.

गाडी सकाळी वाऱ्यासारखी पळायची आणि ऊन चढलं की मरगळायची. कारण बॉनेट उघडताच कळलं. इंजिनात हवा नेणारी मूळची प्लास्टिकची नळी कधीतरी फुटली होती. कुणीतरी ती कापून फिल्टर थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवला होता. गाडीला हवी होती गार हवा आणि ती ओढत होती तव्यावरची. पुढच्या बंपरमागून हवा घेऊन, रेडिएटरला वळसा घालून, इंजिनाच्या तोंडापर्यंत जाईल अशी नळी हवी होती. आतून सत्तर मिलिमीटर.

रविवारी सकाळी हायवेवरच्या एका हॉटेलापाशी गाडीवाले जमत. बहुतेक सगळे बापाच्या पैशावर मोठे झालेले. मी नळी घरी करणार म्हटल्यावर एकानं डोळ्यावरचा गॉगल न काढता सांगितलं, "पावणं, ती बाहेरनं मागवाय लागती. पंपाचा बेंड हाय व्हय घरात बसून कराय?"

सगळे खदाखदा हसले. त्या हसण्यावर मी ठरवलं, की नळी घरीच करायची आणि याच हॉटेलासमोर यांना बॉनेट उघडून दाखवायची.

सरळ भाग ॲल्युमिनियमच्या पाइपातून निघाला. अडचण वळणाची होती. पाइप वाकवला की आतून चेपतो. म्हणजे वळण ओतूनच घ्यायला हवं होतं. मी जेवणाच्या टेबलावर सागवानाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, करायला बसलो. कानस, पॉलिश पेपर, खड्डे बुजवायची लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. पंधरा दिवसांनी वळण असं गुळगुळीत झालं की बायकोनंही हात फिरवून बघितला. पॅटर्न घेऊन शिरोलीला गेलो.

पॅटर्नमुळं नुसता बाहेरचा आकार येतो. आतली पोकळी येते वाळूच्या गाभ्यानं, म्हणजे कोरनं, आणि तो पाडायला कोर बॉक्स लागतो.

"बॉक्स येगळा कराय लागंल," दोस्त म्हणाला. "चार दिवस माणूस गुततोय माझा."

"त्याचं मी काय देणार न्हाई."

"मग पोकळी काय फुंकून पाडू?"

"फळीवर ढीगभर बॉक्स पडल्यात की तुझ्या. त्यातला घाल एखादा."

तो फळीकडं बघत राहिला. "पंपाच्या बेंडचा हाय एक. वाक जमतोय."

"झालं तर मग. टोकं मी लेथवर मोठी करून घेतो."

मग किलोचा भाव निघाला. ओतीव काम वजनावर विकतात. मी हसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. भाव पडला.

"मर्दा, तू यमासंगं बी घासाघीस करशील," तो म्हणाला. "बरं, साच्यात कोर टेकायची पॅटर्नची टोकं पंचावन्नची करून आण."

मी घरी जाऊन पॅटर्नची टोकं पंचावन्नची केली. स्वतःच्या हातानं, कॅलिपर लावून. पंचावन्न का, हे विचारलं नाही. भाव पाडल्याची गुर्मी होती.

कास्टिंग आलं ते वरवंट्यासारखं जड. आतला कोर बारीक म्हणून भिंत जाड. किलोचा भाव पाडून मी जास्तीचे किलो विकत घेतले होते. तरी टोकं लेथवर सत्तरची केली, नळी बसवली आणि रविवारी हॉटेलासमोर गेलो. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत गाडी छान ओढली. पुढं कुणी नरडं दाबावं तशी घुसमटली.

"दम लागला की ओ पावणं तिला!" गॉगलवाला ओरडला.

घरी येऊन नळी काढली आणि आत बोट घातलं. तोंडापासून दोन इंच आत सत्तरचं भोक, आणि मग पायरी, पुढं पंचावन्नच. वळणात लेथचं हत्यार जात नाही, हे मला, कित्येक वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला, तेव्हा आठवलं. तसाच शिरोलीला गेलो आणि त्याच्या कामगारांसमोर तोंड सोडलं.

"पंपाचा बेंड दिलास व्हय रं मला?"

"तूच म्हनलास फळीवरचा घाल."

"बारीक पडंल हे सांगायचं कुणी?"

"तू टर्नर हायस. पंचावन्न आन् सत्तर यातलं मोठं कुठलं, हे बी आता मी सांगू?"

कामगार हसले. त्यांना बाहेर जा म्हणायला हवं होतं त्यानं. म्हणाला नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद.

नवं कास्टिंग कुणाकडूनही मिळालं असतं. पण मी इरेला पेटलो होतो. ते जड धूड व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉनं उभं चिरलं, दोन पन्हळी झाल्या. दोन्ही आतून ग्राइंडरनं आणि कानशीनं खात गेलो. जाड भिंतीला मी इतक्या शिव्या दिल्या होत्या, पण ती जाड होती म्हणूनच घासायला धातू उरला होता. हे मी त्याला कधीच सांगणार नाही. घरभर ॲल्युमिनियमचा भुसा झाला. पोह्यांत चमचम दिसली तेव्हा बायकोनं बशी उचलून माझ्या व्हाइसशेजारी ठेवली. "तिलाच खायला घाला," म्हणाली. महिन्याभरानं दोन्ही अर्धे उचगावातच आर्गन वेल्डिंगनं जोडून घेतले.

या वेळी गाडी थांबली नाही. पाच हजार, सहा हजार, नुसती ओढत राहिली. हॉटेलासमोर बॉनेट उघडलं. गॉगलवाल्यानं गॉगल काढला, वाकून बघितलं.

"कुठनं मागवलीसा?"

"घरात केली."

"आन् कास्टिंग कुणाचं?"

मी दोस्ताचं नाव सांगून मोकळा झालो. तोंडातून गेलं ते गेलं.

दोन महिन्यांत त्या गाडीवाल्यांतल्या तिघांच्या बॉनेटखाली तसाच बेंड दिसला. माझ्याकडं कुणी आलं नव्हतं. आमच्याकडं रीत अशी, की पॅटर्न गिऱ्हाइकाचा असला तरी राहतो फौंड्रीत. माझे पंधरा दिवस त्याच्या फळीवर पडून होते आणि तो त्यावर बेंड पाडून विकत होता.

गेलो. पॅटर्न पाहिजे म्हटलं.

"घिऊन जा की, तुझाच हाय," म्हणाला. वाद नाही, काही नाही. पोराला चहा सांगितला आणि पॅटर्न माझ्यासमोर ठेवला.

दोन्ही टोकांवर लाकडाच्या नव्या कड्या चिकटवल्या होत्या. सांधा नखाला लागत नव्हता. कॅलिपर लावायची गरज नव्हती, तरी लावला. सत्तर. शेजारी नवा कोर बॉक्स होता, त्या मापाचा.

"हे कुणी केलं?"

"मी."

मी थांबलो. एवढ्या महिन्यांनी आता तरी तो 'माझं चुकलं' म्हणेल असं वाटलं.

"तुझं माप चुकलंतं," तो म्हणाला.

चहा यायच्या आत मी पॅटर्न उचलून निघालो. उचगावपर्यंत रस्ता मोकळा होता. भर दुपार असूनही गाडी गार हवा ओढत सुसाट चालली होती, आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.