दोन मीटरचा फरक

ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. भिंत किती जाड, दार कुठल्या बाजूला उघडतं, जिन्याला पायऱ्या किती, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेबांची सही झालेला नकाशाही ती परत पाठवायची. कोपऱ्यात पेन्सिलीने एवढंच, ‘आतली बेरीज बाहेरच्या लांबीशी जुळत नाही.’ लग्न केलं नाही. रक्ताचं म्हणावं तर एक थोरला भाऊ आणि त्याची मुलगी. भाऊ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

ही भाची मैत्रिणीबरोबर कॉम्प्युटरवर एक गेम बनवत होती. त्यात बंदुका नाहीत, शत्रू नाहीत. खेळणारा एका स्वप्नातून दुसऱ्या स्वप्नात चालत जातो, दारं उघडतो आणि घाबरतो, बस. स्वप्नं मात्र खऱ्या माणसांना पडलेली हवीत, म्हणून ती भेटेल त्याला विचारत सुटली होती.

“आत्या, तुला कसली स्वप्नं पडतात गं?”

“एकच पडतं. नऊ वर्षांची असल्यापासून. एक घर आहे, मी त्यात फिरते.”

“आणि?”

“आणि काय? लांब बोळ, एका बाजूला ओळीने चार खोल्या. सामान नाही, माणूस नाही. दिवा नसतो, तरी दिसतं.”

भाचीने नकाशा मागितला. पट्टीबाईने दोन दिवस बसून तो मापात काढला आणि तिथेच अडकली. बाहेरून घर अकरा मीटर भरत होतं. आतल्या खोल्या, भिंती सगळं धरून नऊ.

“स्वप्नाची बेरीज कशाला जुळायला हवी?” भाची हसली.

“घर आहे ना? मग जुळायलाच हवी.”

डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आजवर स्वप्न आपण होऊन यायचं. आता दुपारचं जेवण झालं की ती मुद्दाम आडवी व्हायची आणि त्या घरात जाऊन भिंती ठोकून बघायची. ठोकायची पद्धत कामावरचीच: तीन टिचक्या, जरा थांबून एक. आठवडाभरात कळलं, शेवटच्या खोलीची भिंत पोकळ वाजते. पलीकडे खोली होती, तिला दार नव्हतं. महिनाभर ती रोज दुपारी तिथेच ठोकत राहिली. शेवटी तिने नकाशात त्या भिंतीवर तुटक रेषांनी एक दार दाखवलं आणि कागद भाचीला देऊन टाकला.

एका सकाळी ती भावाकडे गेली होती आणि भाची तिला गेम दाखवत होती. पडद्यावर तोच बोळ होता. शेवटच्या खोलीत पाऊल टाकताच टिचक्यांचा आवाज आला. भाचीने तो आत्याकडूनच कपाटावर वाजवून घेतला होता. तीन, मग एक.

आतल्या खोलीतून भाऊ बाहेर आला. दाढी अर्धीच झाली होती, गालावर साबण तसाच.

“तो आवाज बंद कर,” तो म्हणाला.

भाचीने बंद केला. तो खुर्चीत बसला. मग बहिणीला म्हणाला, “तू होतीस होय ती.”

लहानपणापासून त्यालाही एकच स्वप्न पडत होतं. अरुंद खोली, दोन्ही हात पसरले की जेमतेम भिंतींना लागतात. दार नाही, खिडकी नाही. घरात त्याच्यावर विनोद चालायचे, की हा न्हाणीघराला कडी लावत नाही, लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, आणि नोकरीही पकडली ती बसची, चारी बाजूंनी काचा असलेली. तोही हसायचा. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.

“मी इतकी ठोकत होते,” पट्टीबाई म्हणाली, “मग हाक का नाही मारलीस रे दादा?”

“हाक मारली असती तर मी आत आहे हे त्याला कळलं असतं.”

“कुणाला?”

“कोपऱ्यात कुणीतरी उभं असतं. भिंतीकडे तोंड करून. इतक्या वर्षांत कधी हललं नव्हतं. महिनाभर ठोकण्याचा आवाज येत होता, तसं ते वळायला लागलंय. रोज थोडंथोडं.”

पट्टीबाईने भाचीकडे पाहिलं. “ते दार गेममध्ये घातलंस का गं?”

“घातलं ना. पाच दिवसांपूर्वी चाळीसेक जणांना खेळून बघायला दिलाय.”

“कुणी उघडलं?” भावाने विचारलं.

“सगळ्यांनी. तिथेच तर गेम संपतो, बाबा.”

“आत काय दाखवलंस?”

“काहीच नाही. रिकामी खोली.”

आता ते पुरतं वळलेलं दिसेल या धास्तीने तो पाच दिवस दुपारी झोपलाच नव्हता, रात्रीही बसून काढल्या होत्या. त्या दिवशी जेवल्यावर मात्र त्याचा डोळा लागला. पट्टीबाई शेजारी बसून राहिली. तासाभराने तो जागा झाला तेव्हा चेहरा इतका मोकळा होता, की तिला बरं वाटलं.

“मी बोळात होतो,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच. दार उघडं होतं.”

“आणि खोली?”

“आत वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.” बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं, की कोपऱ्यातलं ते आता बाहेर आहे.

भाचीने त्याच संध्याकाळी गेममधून ते घर काढून टाकलं. उपयोग किती झाला कोण जाणे, दार तर चाळीसेक जणांनी आधीच उघडलं होतं. पट्टीबाईने आपली भाड्याची खोली सोडली आणि भावाकडे राहायला आली. आता दोघं पाळीपाळीने झोपतात. एक पडला की दुसरा खुर्ची ओढून उशाशी बसतो. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरू लागली आणि मुठीत चादर आवळली गेली, की खांद्याला धरून हलवायचं. काय दिसलं ते मात्र विचारायचं नाही, एवढं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं आहे.