असोसिएशनचा साखरपुडा

"पापा प्लांट में हैं?" असोसिएशनमध्ये घेण्याआधी जी मुलाखत झाली, तिच्यातला हा पहिला प्रश्न. मी घरून नेतृत्वाचे गुण, टीमवर्क, मार्केटिंगची व्याख्या असलं काय काय पाठ करून गेले होते. त्यातलं एक अक्षर कोणी विचारलं नाही. "हो, प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये फिटर आहेत," मी म्हटलं. टेबलापलीकडच्या सीनियर्सनी एकमेकांकडे पाहिलं. "मतलब क्वार्टर सेक्टर में है. बढ़िया." झाली मुलाखत. मी निवडले गेले. माझा आत्मविश्वास आवडला असेल, असं घरी येताना मी स्वतःची समजूत घातली.

मी तेव्हा भिलाईत, पोलादाच्या प्लांटभोवती सेक्टरासेक्टरांत वसलेल्या गावात, एमबीएच्या पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या विद्यापीठात बिझनेसच्या मुलांची ही असोसिएशन म्हणजे मोठं प्रस्थ होतं. निळा ब्लेझर, छातीवर बिल्ला, आणि दर हिवाळ्यात एक मोठी बिझनेस मीट. कंपन्यांची माणसं यायची, आणि प्रेसिडेंट त्यांच्या मांडीला मांडी लावून स्टेजवर बसायचा. मला ती खुर्ची हवी होती. सरळच सांगते, समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हती. सेक्टरातल्या शाळेत ऑफिसरांची मुलं आणि आम्ही एकाच बाकावर बसायचो, पण गॅदरिंगच्या दिवशी ऑफिसर आईबाप पुढच्या सोफ्यावर आणि आमचे मागे. माझे बाबा तर शिफ्ट सुटली की तसेच यायचे आणि दाराशी उभे राहून नाटक बघायचे. एकदा तरी माझ्यामुळे त्यांना त्या सोफ्यावर बसलेलं बघायचं होतं.

त्या वर्षीचा प्रेसिडेंट पॉवर हाउस भागातल्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्याचा मुलगा होता. जिभेवर साखर ठेवून बोलायचा. सगळ्यांसमोर मला "हमारी नेक्स्ट प्रेसिडेंट" म्हणून हाक मारायचा. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी चढले तर चढले, वर बसून हरभरेही खाल्ले. पोस्टर मी चिकटवले, फोन मी केले. जामुलच्या एका कारखान्यातल्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलवायला बसचे धक्के खात मी गेले, दोनदा. साहेब आले तेव्हा त्यांना गुच्छ द्यायला दुसरीच मुलगी पुढे केली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं म्हणे.

मीटला हॉल मिळेना. विद्यापीठाच्या सभागृहात जेवणावळ घालू देत नसत, आणि जेवण नसेल तर कंपन्यांची माणसं येत नाहीत, हे प्रेसिडेंटचं व्यवस्थापनशास्त्र. मग एक दिवस तो माझ्या शेजारी येऊन बसला. आमच्या सेक्टरात प्लांटच्या कर्मचाऱ्यांना घरच्या कार्यासाठी एक हॉल मिळायचा. बाहेरच्यांना नाही, फक्त कर्मचाऱ्याला, त्याच्या नावावर. वाढदिवसाला अर्धा दिवस, लग्न किंवा साखरपुड्याला पूर्ण दिवस. आम्हाला पूर्ण दिवस हवा होता. "पापा से बोल ना, सगाई लिख दें," तो म्हणाला. "तेरी ही लिख दें. कौन देखने आता है?"

घरी मी हा विषय काढला तेव्हा आई भाकरी थापत होती. आम्ही मूळचे गोंदियाकडचे. घराबाहेर आमचं सगळं हिंदीत चालतं, पण भांडण आणि भीती अजून मराठीतच होते.

"शुभकार्याचं खोटं नाव घेत नसतात वं," आई म्हणाली. "कुठली पोरगी स्वतःच्या साखरपुड्याचं खोटं सांगते?"

बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. या माणसाला सगळ्या नोकरीत एकही मेमो मिळालेला नव्हता आणि तो त्याचा अभिमान होता. मिलच्या साबणाचा तुकडासुद्धा कधी घरी आणला नाही त्यांनी.

"तुले प्रेसिडेंट करतील ना पण?" त्यांनी विचारलं.

"करतीलच. सगळ्यांसमोर सांगितलंय त्यानं."

"मग लिहून देतो."

मीटच्या दिवशी बाबांनी सफारी घातला. चुलत भावाच्या लग्नात शिवलेला, तेव्हापासून पेटीत होता. हॉल त्यांच्या नावावर होता म्हणून त्यांना तिथे हजर राहणं भाग होतं, पण ते नुसते हजर राहिले नाहीत. खरंच मुलीचा साखरपुडा असावा तसे फाटकाशी उभे राहून ते येणाऱ्या प्रत्येकाला "या, या" करत होते. जाणाऱ्याला "जेवले का?" विचारत होते. मला आधी हसू आलं. मग कसंतरीच वाटायला लागलं.

तेवढ्यात प्रेसिडेंट आतून धावत आला आणि बाबांना म्हणाला, "भैया, उधर पानी का कैंपर ख़त्म है, जल्दी करो."

"मेरे पापा हैं," मी ओरडलेच.

त्याने लगेच हात जोडले. "अरे सॉरी अंकल, पता नहीं था." आणि पुढच्याच श्वासात, "तो अंकल, आप ही देख लीजिए ना. घर का ही तो काम है."

बाबांनी पाण्याने भरलेला दुसरा कॅम्पर उचलला. मी त्यांच्या हातातून ओढायला गेले तर म्हणाले, "जाऊ दे न बाई. हॉल माह्या नावावर आहे. पाणी कमी पडलं तर नाव माह्यंच जाईल."

"पुढच्या वर्षी तुम्ही पुढच्या सोफ्यावर बसाल," मी म्हटलं.

"बसू न," ते म्हणाले आणि पाणी घेऊन आत गेले.

कोणी बघायला येत नाही हा प्रेसिडेंटचा अंदाज मात्र साफ चुकला. हॉलचा गार्ड आमच्या ब्लॉकच्या मागेच राहायचा. त्याने आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून टाकलं की फिटर साहेबांच्या मुलीची सगाई आहे. या काकू आमच्याकडच्या महाराष्ट्र मंडळाचा खांब. हळदीकुंकू असो की गणपती, त्यांच्यावाचून पान हलत नाही. मीटमध्ये पाहुण्यांचं भाषण चालू असताना काकू रेशमी साडी नेसून, हातात नारळ, ब्लाउजपीस आणि पाकीट घेऊन फाटकात उभ्या.

"आम्हाला बोलावलं नाही, तरी म्हटलं पोरगी आपलीच," त्या बाबांना म्हणाल्या.

शेजारी गार्ड उभा. खरं सांगावं तर लेखी दिलेलं खोटं ठरतं. "या, बसा," बाबा म्हणाले. काकू बसल्या. त्यांनी पॉवरपॉइंट बघितलं, आभाराच्या वेळी मी प्रेसिडेंटला गुच्छ दिला तो बघितला, गुलाबजाम खाल्ले. मग मला कोपऱ्यात घेऊन कुंकू लावलं, नारळ हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "मुलगा उंच आहे. पण आपल्यातला दिसत नाही, नाही का?"

त्या रात्री घरी आम्ही तिघंही हसलो. शेवटचं हसलो ते त्यावर. कारण साखरपुडा झाला म्हटल्यावर लोक लग्नाची वाट बघतात, आणि लग्न निघालं नाही की त्यांचं ते कारणही काढतात. संक्रांतीपर्यंत सेक्टरात पसरलं होतं की माझं मोडलं. कोणी म्हणे मुलगा परजातीचा होता, कोणी म्हणे मुलीचं तोंड फार चालतं. दुसरं कारण अगदीच खोटं नव्हतं. आईने मंडळाच्या हळदीकुंकवाला जाणं सोडलं. भिलाई-३ ला रेल्वेत असलेल्या मामाने फोन करून विचारलं, "मोडलं कावून? आमाले सांगतलं पण नाही?" आईने गॅसवर दूध आहे म्हणत फोन ठेवून दिला. खुलासा करायचा तर बाबांनी कंपनीला खोटं लिहून दिलं हे चारचौघांत सांगावं लागलं असतं, आणि बाबांचं रिटायरमेंट तोंडावर आलं होतं. म्हणून आमच्या घराने मोडलेला साखरपुडा गिळला. मी म्हणत राहिले, थांबा, एकदा प्रेसिडेंट होऊ द्या, मग सगळ्यांची तोंडं बंद होतील.

फेब्रुवारीअखेर बाबा रिटायर झाले. मिलच्या लोकांनी हार घालून, बाजा वाजवत त्यांना क्वार्टरपर्यंत पोचवलं. मग क्वार्टर सोडलं. उतईच्या बाजूला बाबांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथे आम्ही गेलो. एप्रिलमध्ये असोसिएशनची नवी कमिटी ठरायची बैठक होती. मी ब्लेझर इस्त्री करून गेले.

प्रेसिडेंट म्हणून ज्या मुलाचं नाव घेतलं, तो वर्षभर चार बैठकांनासुद्धा आला नव्हता. त्याच्या वडिलांच्या बसगाड्या चालत होत्या आणि पुढच्या मीटला पाहुण्यांसाठी गाड्या हव्या होत्या. मी जुन्या प्रेसिडेंटकडे पाहिलं. त्याने अतिशय काळजीच्या सुरात सांगितलं, "तू अब उतई से आती है ना, देर तक रुकना पड़ता है. हम तेरे लिए ही सोच रहे हैं."

"साफ़ बोलो ना," मी म्हटलं, "कि पापा रिटायर हो गए."

आमचे प्रभारी सर चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, इसको पर्सनल मत लो. तुमको एडवाइज़र बना रहे हैं ना." कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते; तिचं इंग्रजी एडवाइज़र होतं हे त्या दिवशी कळलं. मी ब्लेझर काढून सरांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. बाजूच्या खोलीत, उघड्या दाराआड, बीबीएच्या मुलींच्या मुलाखती सुरू होत्या. आतून आवाज आला, "पापा प्लांट में हैं?" मला त्या मुलीला हाताला धरून बाहेर ओढावंसं वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिचीसुद्धा चीड आली, आणि मी बस पकडली.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे. डिग्री तर तुहीच आहे न." एवढंच. मी रडले, तडातडा बोलले, हार्डवेअरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यांनी मला बोलू दिलं.

असोसिएशनच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले होते, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात त्यांची मीट कधी आहे हे मला ठाऊक नव्हतं. डिसेंबरातल्या एका रविवारी बाबा सकाळपासून लगबगीत होते. त्यांच्याच मिलमधल्या एका जुन्या सोबत्याच्या मुलीचा साखरपुडा होता, सेक्टरातल्या हॉलमध्ये. चहाच्या टपरीवर कोणाकडून तरी कानावर आलं होतं.

"बोलावलं नाही त्यानं," बाबा म्हणाले, "पण इतके वर्ष सोबत काम केलं. पोरगी आपलीच."

सफारी घालून, पाकीट घेऊन ते बसने गेले. रिटायर झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. मी माझ्या पुस्तकात डोकं घालून बसले होते. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

जेवायच्या वेळेआधीच ते परत आले.

"इतक्या लवकर?" आई म्हणाली. "पोरगा कसा आहे?"

बाबा खाटेवर बसले आणि बूट काढायला लागले. "गेल्याबरोबर एका पोरानं नमस्कार केला," ते म्हणाले. "सर, सर करत आत नेलं. गुलाबाचं फूल दिलं. अन् पुढच्या सोफ्यावर बसवलं, एकदम पयल्या रांगेत. मले वाटलं, मुलाकडचे लोक मोठे चांगले दिसून राहिले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग वर पडद्यावर वाचलं. तुमचंच होतं ते. मीट."

मी पुस्तक मिटलं.

"मग एक पोरगी आली. विचारते, सर, आप किस कंपनी से हैं? म्हटलं, कंपनीतून नाही बाई, मी तर रिटायर झालो. तर म्हणते, अंकल, ये सीट रिज़र्व है."

"मग?" मी विचारलं.

"मग उठलो."

आईने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. "अन् पाकीट?" तिने विचारलं. "परत आणलं का?"

"नाही. तो मिलमधला सोबती, पोरीचा बाप, फाटकाशी उभा होता न, पाण्याचा कॅम्पर घेऊन. माह्याकडे पाहेच ना. त्याच्या खिशात पाकीट टाकलं, तर नको नको करून राहिला." बाबा पाणी प्यायले. "बाजूले गार्ड उभा होता. म्हणून मोठ्यानं म्हटलं, ठेव रे, पोरीचा साखरपुडा आहे."